बारा महिने रंग देणारं सदाहरित झाड कसं निवडावं

सदाहरित झाडाची पानं गळत नाहीत, असं समजून झाड लावलं की पहिल्याच उन्हाळ्यात तक्रार सुरू होते. पानं गळतातच. फक्त सगळी एकदम गळत नाहीत. एकेका पानाचं आयुष्य साधारण एक ते तीन वर्षांचं असतं. नवी पालवी फुटत असते, त्याच सुमारास जुनी पानं पिवळी पडून खाली येतात. झाड कधी उघडं दिसत नाही, पण अंगण झाडावं लागतं. पाण्याची टाकी, गच्चीवरचं पन्हाळं किंवा पोहण्याचा तलाव जवळ असेल तर निवड करण्याआधीच हे लक्षात घ्या.

दुसरा हिशोब रंगाचा. फुलांचा बहर कितीही देखणा असला तरी बहुतेक झाडांवर तो तीन ते सहा आठवडे टिकतो. उरलेले सेहेचाळीस आठवडे नजरेसमोर असतात ती पानं. म्हणून झाड निवडताना आधी पान, मग नवी पालवी, मग फूल आणि शेवटी फळ, असा क्रम ठेवावा. नर्सरीत बहुतेक जण नेमकं उलटं करतात, कारण झाड विकायला ठेवलेलं असतं ते फुलावर आलेलं असताना. ‘बारमाही फुलतं’ असं कुणी सांगितलं तर बहर कधी असतो आणि मधल्या काळात किती फुलं येतात, हे वेगवेगळं विचारा. बॉटलब्रशला वर्षभर चार-दोन फुलं दिसू शकतात, पण झाड लालेलाल दिसतं ते बहरातच.

रंग कुठून येतो

कायम रंगीत पानांची झाडं मोजकीच आहेत. उष्ण हवेत सर्वांत भरवशाचं म्हणजे नर्सरीत ‘गोल्डन बॉटलब्रश’ नावाने मिळणारं मेलालुका. पानं बारीक, सुईसारखी आणि सोनेरी पिवळी, कोवळ्या काड्या लालसर. पंधरा-वीस फुटांपर्यंत जातं. गडद हिरव्या झाडांच्या पुढे एक लावलं तरी लांबून उठून दिसतं. गडद लाल पानांसाठी लाल युफोर्बिया आहे, दहा-पंधरा फुटांचं. पण त्याचा चीक कातडीला आणि डोळ्यांना फार त्रास देतो. छाटणी हातमोजे आणि चष्मा घालूनच करायची. शिवाय थंडी किंवा पाण्याचा ताण पडला की हे झाड पानं टाकतं, त्यामुळे त्याला सदाहरित म्हणायचं ते पाणी नियमित मिळत असेल तरच.

लाल आणि सोनेरी पानांना थेट ऊन लागतं, निदान पाच-सहा तास. सावलीत हीच झाडं जगतात, वाढतात आणि हळूहळू हिरवी होत जातात. ‘आणलं तेव्हा लाल होतं, आता हिरवं झालं’ ही तक्रार दहापैकी नऊ वेळा उन्हाची असते, खताची नसते. उलट पांढऱ्या किंवा पिवळट कडा असलेली पानं दुपारच्या कडक उन्हात करपतात, कारण पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं आणि तो भाग नाजूक असतो. अशा झाडाला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली द्या.

नव्या पालवीचा रंग हा सदाहरित झाडांचा खरा ठेवा, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. नागकेशराची पालवी फुटते तेव्हा अख्खं झाड आधी गडद लाल, मग गुलाबी, मग पोपटी आणि शेवटी काळसर हिरवं होत जातं. कोवळी पानं इतकी मऊ असतात की फांदीच्या टोकाला लोंबत राहतात. एकाच फांदीवर वर लाल आणि खाली हिरवं, असे दोन्ही रंग दिसतात. सीता अशोकाची पालवी तांबूस, खाली झुकलेली. लाल सायझिजियम या जांभळाच्या जातभाईची पालवी नारिंगी-लाल येते आणि काही आठवड्यांत हिरवी होते. या शेवटच्या झाडात एक सोय आहे: टोकं छाटली की पुन्हा लाल पालवी येते. वाढीच्या काळात दर सहा ते आठ आठवड्यांनी दोन-तीन इंच टोकं काढली तर वर्षाचा बराच भाग झाड लाल दिसतं. नागकेशरावर मात्र हा प्रयोग करू नये. ते अतिशय सावकाश वाढतं; छाटलेली फांदी भरून यायला फार वेळ जातो.

फळांचाही रंग असतो. बकुळीची पिकलेली फळं केशरी-लाल असतात, पक्षी आणि वटवाघळं त्यावर येतात, आणि खाली गाडी उभी करत असाल तर ती रोज धुवावी लागते.

जागा आधी मोजा

झाडाचं नाव ठरवण्याआधी टेप घेऊन बागेत जा. चार गोष्टी कागदावर हव्यात: वर किती मोकळी उंची आहे, आजूबाजूला किती रुंदी आहे, ऊन किती तास पडतं आणि पाणी किती वेगाने मुरतं.

उंची बघताना विजेच्या तारा पाहा. तारांखाली पंधरा फुटांच्या वर जाणारं झाड लावलं की दरवर्षी त्याचा शेंडा उडवला जाणार. शेंडा उडवलेलं झाड रुंद, झुडपासारखं आणि कमकुवत फांद्यांचं होतं. भिंतीपासूनचं अंतर ढोबळमानाने असं ठेवा: पंधरा फुटांपर्यंतच्या झाडाला सहा ते आठ फूट, पंधरा ते तीस फुटांच्या झाडाला बारा ते पंधरा फूट, त्याहून मोठ्याला पंचवीस फूट किंवा जास्त. सांडपाण्याची पाइपलाइन आणि जमिनीखालची टाकी यांच्यापासूनही एवढंच लांब राहा. फायकस जातीची, म्हणजे वड-पिंपळाच्या गटातली, झाडं या हिशोबात बसत नाहीत. कुंडीत गोजिरवाणं दिसणारं फायकस बेंजामिना जमिनीत लावलं की त्याची मुळं फरशी उचलतात आणि पाइपच्या सांध्यात शिरतात. लहान बागेत ते जमिनीत लावूच नये.

ऊन मोजायचं ते सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता, त्या जागी उभं राहून. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, तेव्हा इमारतीची सावली लांबवर येते. शक्य असेल तर दोन्ही ऋतूंत पाहा.

पाण्याची परीक्षा मात्र टाळू नका. एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा करा. पाण्याने भरा आणि पूर्ण मुरू द्या. मग पुन्हा भरून तासाभराने पातळी किती खाली गेली ते काठीने मोजा. तासाला एक इंच किंवा जास्त गेली तर जमीन बहुतेक झाडांना चालेल. अर्ध्या इंचाहून कमी असेल तर सोनचाफा, मॅग्नोलिया यांसारखी झाडं तिथे पहिल्या जोरदार पावसाळ्यात जाण्याची शक्यता मोठी. अशा चिकण किंवा काळ्या जमिनीत खड्ड्याऐवजी उंचवटा करून झाड लावा: आठ ते बारा इंच उंच आणि निदान चार फूट रुंद. पाणी चार इंचांहून वेगाने मुरत असेल तर जमीन मुरमाड किंवा वाळूची आहे. तिथे कुजलेलं खत आणि आच्छादन जास्त लागेल, पाण्याच्या पाळ्याही जवळजवळ द्याव्या लागतील.

कोणत्या जागेला कोणतं झाड

अगदी लहान जागा, तारांखालची पट्टी किंवा खिडकीसमोरचा कोपरा असेल तर कामिनी हा उत्तम पर्याय. आठ-दहा फुटांचं छोटं झाड, चकचकीत बारीक पानं, पांढरी सुवासिक फुलं. ती वर्षातून अनेकदा फुलते, विशेषतः कोरड्या काळानंतर पाणी मिळालं की. एका खोडावर वाढवायची असेल तर खालचे फुटवे पहिल्या तीन वर्षांत हळूहळू काढत जा, एकदम नको. लाल सायझिजियमही याच जागेत बसतं, पण ते न छाटता सोडलं की वीस फुटांच्या वर जातं. छाटणीची सवय नसेल तर कामिनी घ्या. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, खूप काळ फुलते आणि कुठेही जगते, मात्र तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. लहान मुलं किंवा जनावरं वावरत असतील तिथे लावू नका. कण्हेरीचंही तसंच, तिच्या वाळलेल्या फांद्या जाळूसुद्धा नयेत.

मध्यम जागेसाठी निवड भरपूर आहे. बॉटलब्रश पंधरा-वीस फुटांपर्यंत जातो, फांद्या लोंबत्या, फुलं लाल, फुलचुखे पक्षी त्यावर दिवसभर. त्याची एक खोड कळली की झाड सुंदर राहतं. फुलाचा तुरा फांदीच्या टोकाला येतो, पण फांदी तिथेच थांबत नाही. तुऱ्याच्या पुढे ती वाढतच जाते. मागे काडीला चिकटलेल्या कडक बोंडांची रांग कित्येक वर्षं तशीच राहते, आणि फुलं दरवर्षी अधिकाधिक लांब टोकाला जातात. म्हणून तुरे वाळल्याबरोबर त्यांच्या अगदी मागे छाटायचं. फार खाली, पानं नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत गेलात तर तिथून फुटवा येईल याची खात्री नाही. चुनखडीच्या जमिनीत बॉटलब्रश पिवळा पडतो, त्याबद्दल पुढे आहे.

सीता अशोक ही सावलीतली निवड. दुपारचं ऊन अडवलेलं असेल आणि जमिनीत ओल टिकत असेल तर याच्याइतकं देखणं झाड मिळत नाही. फुलांचे गुच्छ फांद्यांवर आणि थेट जाड खोडावरही येतात. उमलताना पिवळट-नारिंगी असतात, मग लाल होतात; त्यामुळे एकाच गुच्छात तीन छटा दिसतात. कोरड्या गरम वाऱ्याच्या जागी त्याची पानं कडेने करपतात. खरेदी करताना पान पाहून घ्या. सीता अशोकाचं पान संयुक्त असतं, एका देठावर पर्णिकांच्या चार-सहा जोड्या. रस्त्याकडेला दिसणारा उंच, सरळ, नागमोडी कडांच्या एकेरी पानांचा अशोक हे वेगळं झाड आहे. ते वाईट नाही. अरुंद पट्टीत आडोसा हवा असेल तर उपयोगी आहे, पण त्याची हिरवी फुलं दिसतही नाहीत.

बकुळ हे सर्वांत कमी तक्रारीचं झाड. घनदाट गोल घेर, गडद पानं, बारीक चांदणीसारखी फुलं वाळली तरी वास सोडत नाहीत. वाढ सावकाश, त्यामुळे तीस-चाळीस फुटांचं झाड असलं तरी पहिली दहा वर्षं मध्यम जागेत सहज राहतं. पण म्हणून भिंतीला खेटून लावू नका.

मोठ्या जागेत सोनचाफा, नागकेशर, उंडी आणि मॅग्नोलिया ग्रँडिफ्लोरा यांचा विचार करावा. सोनचाफ्याचं कलम दोन-तीन वर्षांत फुलतं. बियांपासूनच्या झाडाला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. समुद्रकाठी, खाऱ्या वाऱ्यात, उंडीला तोड नाही: जाड चकचकीत पानं, त्यावर अगदी जवळजवळ समांतर शिरा, पांढरी फुलं. मॅग्नोलियाचं पान वरून चकचकीत हिरवं आणि खालून तपकिरी मखमली असतं, वाऱ्यात दोन्ही रंग दिसतात. गळलेली पानं मात्र कातडीसारखी, लवकर कुजत नाहीत. जागा कमी असेल तर त्याचा ‘लिटल जेम’ हा बुटका वाण मागा. सप्तपर्णीची शिफारस आम्ही बागेसाठी करत नाही. झाड भव्य होतं, पण बहरातला वास इतका उग्र की खिडक्या बंद कराव्या लागतात.

सूचिपर्णी झाडांचा मोह अनेकांना होतो. मोरपंखीला चारही बाजूंनी ऊन हवं. भिंतीला टेकवली की मागची बाजू तपकिरी होते आणि ती पुन्हा हिरवी होत नाही, कारण आतल्या सुक्या काड्यांना फुटवा येत नाही. छाटणी फक्त हिरव्या भागात. ख्रिसमस ट्री म्हणून विकलं जाणारं अरोकेरिया साठ फुटांच्या वर जाऊ शकतं. त्याचं रोप आडव्या फांदीपासून केलेलं असेल तर ते आयुष्यभर आडवंच वाढतं. मधला शेंडा सरळ आहे आणि त्याच्याभोवती फांद्यांचं चक्र नीट आहे, हे पाहूनच घ्या. शेंडा मोडला की आकार गेला.

हिवाळ्यात गोठणबिंदूखाली जाणाऱ्या हवेत वरची बहुतेक झाडं टिकणार नाहीत. तिथे मॅग्नोलिया, आम्ल जमीन असेल तर कॅमेलिया, लाल पालवीसाठी फोटिनिया आणि हिवाळ्यातल्या लाल फळांसाठी हॉली. हॉलीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. फळं फक्त मादीला, आणि तीही बहुधा जवळ नर असेल तरच.

नर्सरीत काय पाहायचं

सर्वांत उंच रोप घेऊ नका. तीन-चार फुटांचं, बुंध्याशी जाड आणि वर निमुळतं होत गेलेलं रोप लवकर मूळ धरतं. दाटीत वाढवलेली आठ फुटी काडी वर्षभर काठीला टेकून उभी राहते. खोड हलकेच हलवा. पिशवीतली माती न हलता खोड एकटंच डुलत असेल तर मुळं अजून बसलेली नाहीत. पिशवीच्या तळाशी भोकातून जाड मुळं बाहेर आली असतील तर रोप फार दिवस त्याच पिशवीत आहे आणि आत मुळं गोल फिरलेली आहेत. अशी मुळं पुढे जाड होऊन खोडालाच आवळतात, आणि ते कळतं तेव्हा झाड पाच-सात वर्षांचं झालेलं असतं.

पानं उलटी करून पाहा. देठाच्या बगलेत पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, काडीवर तपकिरी टिकल्या म्हणजे खवले कीड, पानांवर काळी भुकटी म्हणजे या किडींच्या चिकट स्रावावर वाढलेली काजळी. कलम असेल तर जोड कुठे आहे तो बघून ठेवा. जोडाखालून येणारा प्रत्येक फुटवा पुढे काढायचा आहे.

लावणी

पावसाळ्याची सुरुवात हा उत्तम काळ; पाण्याची सोय असेल तर थंडी ओसरल्यावरही चालतं. खड्डा हुंडीच्या, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या, दोन ते तीन पट रुंद करा, पण हुंडीएवढाच खोल. खोल खड्डा करून तो भरून काढला की माती नंतर दबते, झाड खाली बसतं आणि खोडाचा भाग मातीत जातो. काढलेल्या मातीत चौथा हिस्सा पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा, त्याहून जास्त नको. चिकण जमिनीत खड्डा नुसत्या भुसभुशीत खताने भरला तर तो टाकीसारखा पाणी धरून बसतो आणि मुळं त्यातच सडतात.

पिशवी पूर्ण काढा, फाडून आत ठेवू नका. मुळं गोल फिरलेली दिसली तर हुंडीच्या बाजूंना धारदार सुरीने तीन-चार उभे छेद द्या, अर्धा ते पाऊण इंच खोल. मॅग्नोलिया आणि सोनचाफ्याची मुळं मांसल असतात. त्यांना हात लावायचा तो फक्त फिरलेल्या मुळांपुरता. आता खोड जिथे रुंदावून मुळांत शिरतं तो भाग शोधा. पिशवीत तो अनेकदा दोन-तीन इंच मातीखाली दडलेला असतो. वरची माती काढून तो उघडा करा आणि जमिनीपेक्षा एखादा इंच वर राहील असं रोप बसवा. तरणं झाड काहीही कारण न दिसता तीन-चार वर्षांनी वाळायला लागतं, तेव्हा पहिल्यांदा तपासायची जागा हीच.

माती पायाने न तुडवता पाणी घालून बसवा. पहिल्या दिवशी पंधरा ते वीस लिटर. आळं हुंडीच्या कडेबाहेर करा. वर दोन-तीन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन पसरा, पण खोडापासून चार इंच जागा मोकळी ठेवा, नाहीतर साल ओली राहून कुजते. वाळवीचा त्रास असलेल्या जमिनीत तर हे मोकळं वर्तुळ हवंच. वाऱ्याची जागा असेल तर दोन बाजूंना दोन काठ्या आणि सुताची सैल पट्टी बांधा. वर्षानंतर काढून टाका.

पहिली दोन वर्षं आणि रंग बिघडला तर

पाऊस नसेल तर पहिले दोन आठवडे एक दिवसाआड पाणी, पुढे आठवड्यातून दोनदा वीसेक लिटर. रोज तांब्याभर पाणी दिलं की मुळं वरच्या दोन इंचांत राहतात आणि उन्हाळ्यात झाड होरपळतं. पाणी देण्याआधी बोट किंवा काडी तीन इंच खुपसून पाहा. ओली माती चिकटून आली तर थांबा. जास्त पाण्यानेही पानं मलूल होतात, आणि ते पाहून आणखी पाणी घातलं जातं. गोल्डन बॉटलब्रशची तऱ्हा उलटी: लहानपणी मुळं एकदा पूर्ण सुकली की तो तपकिरी होतो, मग कितीही पाणी घाला.

नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. एका लिटर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा. हा उपाय तात्पुरता आहे. जमिनीतून द्यायचं असेल तर चिलेटेड लोहात, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेल्या लोहात, ‘ईडीडीएचए’ प्रकार मागा. ‘ईडीटीए’ प्रकार चुनखडीच्या जमिनीत टिकत नाही. जुनी, खालची पानं सगळीकडून पिवळी पडत असतील तर ती नत्राची उणीव किंवा नुसतं वय. पानांची टोकं आणि कडा तपकिरी होत असतील तर पाण्यातले क्षार किंवा कोरडा वारा.

फुलं येत नाहीत म्हणून युरिया घालू नका. त्याने कोवळी पानं भराभर येतात, मावा जमतो आणि फुलं आणखी लांबतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी घमेलंभर कंपोस्ट आळ्यात पुरेसं. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि 1–2 मिली पातळ साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारा, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा. आधी मुंग्यांची वाट तोडा. मुंग्या या किडींना राखतात.

छाटणी बहर संपल्याबरोबर, पुढच्या कळ्या धरण्याआधी. फांदी काढताना खोडाशी सपाट कापू नका. फांदीच्या बुडाशी थोडा फुगीर कडा असतो, तो शाबूत ठेवून कापा. जखम तिथूनच भरते. दुरंगी पानांच्या झाडावर पूर्ण हिरवी फांदी दिसली तर ती लगेच, बुडापासून काढा. हिरव्या पानात हरितद्रव्य जास्त असल्यामुळे ती जोमाने वाढते आणि दोन-तीन हंगामांत रंगीत फांद्यांना झाकून टाकते.